हसवून हिरड्या बघणारे डॉक्टर

आमच्या सरांच्या विनोदाला कुणी मोकळेपणानं हसलं, की सर त्याच्या चेहऱ्याकडे बघत नसत. ते ओठांच्या आत बघत. त्याचं हसणं संपेपर्यंत त्यांचं काम झालेलं असे. मग त्या माणसाला बाजूला घेऊन ते विचारत, "हल्ली तहान फार लागते का हो?"

विनोद सांगायची त्यांना मुळीच हौस नव्हती. ठरलेले चार-पाच विनोद होते, तेही त्यांच्या कॉलेजच्या काळातले. पण हसल्याशिवाय माणूस हिरड्या दाखवत नाही, आणि हिरड्या बघितल्याशिवाय सरांना चैन पडत नसे. पुढे पुढे गावाला हे इतकं माहीत झालं, की सर समोरून येताना दिसले की बायका पदर तोंडाशी नेत आणि पुरुष ओठ मिटून नमस्कार करत.

मी मुंबईहून दंतवैद्यकाची पदवी घेऊन रत्नागिरीला परत आले, ती ऐंशीनंतरची सुरुवातीची वर्षं. गावात दातांचे डॉक्टर मोजकेच, आणि त्यात बाई म्हणजे नवलच. सरांनी मला मदतनीस म्हणून घेतलं. पहिल्या दिवशी त्यांनी मला खुर्ची दाखवली नाही, हत्यारं दाखवली नाहीत. थेट मागच्या खोलीत नेलं. तिथे एक स्पिरिटचा दिवा, काचेच्या नळ्या आणि निळ्या औषधाची मोठी बाटली होती. निळ्या औषधात लघवीचे थोडे थेंब टाकून उकळायचं. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा होत होत विटेसारखा लाल झाला, तर साखर भरपूर.

"डॉक्टरीणबाई, दाढ काढायची ती यानंतर," सर म्हणाले.

साहजिकच पेशंट वैतागत. दाढ धरून आलेला माणूस बाटली हातात धरून बाहेर येई, आणि बाकावर बसलेल्यांना सांगे, "काय सांगू, दाढ उपटायला आलो, आन् ह्यानं मुतायला लावलान!" त्यातले काही तसेच चपला घालून निघून जात. सरांना त्याचं वाईट वाटत नसे. ते म्हणत, "जाऊ दे. दाढ त्याला परत आणील."

मासळीबाजारात तर ते मला मुद्दाम घेऊन गेले होते. एका कोळणीनं गिऱ्हाइकाला दाखवायला सुरमईचा कल्ला बोटानं उचलला. आत लालभडक. "बघितलंस? ताजा मासा कसा ओळखायचा ते हिला कुणी कॉलेजात शिकवलं नाही," सर मला म्हणाले. "आपलं काम हेच. फक्त माशाचं लाल चांगलं, आणि माणसाचं लाल वाईट." मग त्यांनी त्या बाईला आपला एक विनोद सांगितला. ती हसली नाही. म्हणाली, "डाक्टर, मासळी घ्या नायतर पुढं व्हा. माझं दात इकायला नाय ठेवलेले."

हे वेड त्यांना कुठून लागलं ते त्यांनी सरळ कधी सांगितलं नाही. पण वर्षानुवर्षं माणसांची तोंडं बघताना त्यांना एक गोष्ट दिसत आली होती. साखरेच्या पेशंटच्या हिरड्या सुजतात, पू धरतात, दात हलतात, हे आम्हा सगळ्यांना पुस्तकात होतं. सरांचं म्हणणं त्याच्या पुढचं होतं. ते म्हणत, उलटंही आहे. हिरड्या सडक्या राहिल्या तर औषधं वाढवूनही साखर खाली येत नाही. त्यांच्या खुर्चीत ज्यांच्या हिरड्या नीट झाल्या, त्यांतल्या कितीतरी जणांची साखरही नंतर उतरली होती. त्यांच्याकडे याचा पुरावा म्हणावा असं काही नव्हतं. बघितलेलं तेवढं होतं, आणि ते सांगण्याची रीत मात्र अगदीच वाईट होती.

गावातले सर्वांत नावाजलेले फिजिशियन हे सरांचे शाळेपासूनचे मित्र. गाव त्यांना 'मोठे डॉक्टर' म्हणे, मीही तेच म्हणते. दोघं रोज संध्याकाळी खाडीवरच्या पुलापलीकडे, भाट्याच्या समुद्रकिनारी वाळूत फिरायला जात. माझं घर भाट्यालाच, त्यामुळे पूल ओलांडेपर्यंत मी कितीदा त्यांच्यासोबत असे. मोठे डॉक्टर उंच, शांत, हळू बोलणारे. सर बुटके, आणि बोलताना हातवारे करत चार पावलं पुढे जाऊन पुन्हा मागे येणारे.

"तळपायाला गळू झालं तर साखर वाढते, हे मानतोस ना?" सर विचारत.

"मानतो की."

"मग तोंडातलं गळू गळू नाही? तोंड काय शरीराच्या बाहेर टांगलेलं असतं?"

"अरे, हिरडी ती केवढी!"

"बत्तीस दातांभोवतीची सगळी हिरडी उलगडून ठेव. हाताच्या पंजाएवढी जखम होईल. पंजाएवढी जखम पायावर असती तर तू त्याला खाटेवरून उठू दिलं असतंस का?"

मोठे डॉक्टर हसत आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवत. "तू दात बघ. मी माणूस बघतो."

ते हे प्रेमानं म्हणत. ते ऐकून सरही हसत. पण मग पुढे गेलेली पावलं पुलापर्यंत मागे येत नसत.

एकदा डॉक्टरांच्या महिन्याच्या बैठकीत सरांनी हट्टानं वेळ मागून घेतला. मीही गेले होते. सरांनी सुरुवात चांगली केली, पण कुणी ऐकत नाही असं दिसताच त्यांचा आवाज चढला. शेवटी ते ओरडलेच, "तुम्ही पेशंटची जीभ बघता आणि जिभेशेजारचा पू बघत नाही!" मागच्या बाकावरून एका सर्जननं विचारलं, "मग मूळव्याधही दातांमुळेच होते का डॉक्टर?" सगळं सभागृह हसलं. मोठे डॉक्टरही हसले. सर कागद गोळा करून खाली उतरले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "हसताना पहिल्या रांगेतल्या तिघांच्या हिरड्या बघितल्यास का? उद्या येतील बघ." त्यातलं कुणी आलं नाही.

सर नेहमी बरोबरच असत असं मात्र नाही, आणि एकदा चुकले ते भलत्या ठिकाणी चुकले.

लांज्याला ओळखीतलं लग्न होतं. सर, मोठे डॉक्टर आणि मी मोठ्या डॉक्टरांच्या फियाटमधून गेलो होतो. मांडवात सरांनी नवऱ्यामुलाच्या वडिलांना गाठून आपला विनोद सांगितला. ते बिचारे सज्जन, खळखळून हसले. त्यांच्या हिरड्या काळपट, सुजलेल्या. सर त्यांच्या कानाशी लागले. पण सरांचं कुजबुजणं मांडवाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई. "साखर तपासून घ्या. घराण्यात कुणाला आहे का?"

मुलीकडच्या एका मामांनी ते ऐकलं. घटकाभरात मांडवभर झालं, मुलाकडे मधुमेह आहे आणि त्यांनी तो लपवला. नवरी आतल्या खोलीत रडायला लागली. मुलाचे वडील हात जोडून सगळ्यांना सांगत होते, "अहो, मला काही नाही हो." मोठ्या डॉक्टरांनी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना बसवलं, समजावलं, तेव्हा कुठे अक्षता पडल्या. पुढच्या आठवड्यात त्या गृहस्थांचं रक्त तपासलं. साखर अगदी व्यवस्थित. हिरड्या बिघडल्या होत्या तंबाखू-चुन्यानं.

त्या दिवशी परतताना आम्ही हातखंब्याला चहाला थांबलो. मोठ्या डॉक्टरांनी चहा सांगितला. मग म्हणाले, "हे बघ, आता हे पुरे. तुझ्या खुर्चीत बसेल त्याला काय ते सांग. बाहेर कुणाच्या तोंडावर जाऊन सांगायचं नाही. आणि माझ्या पेशंटबद्दल काही वाटलं तर मला सांगायचं, पेशंटला नाही. शब्द दे."

"आणि तू ऐकलं नाहीस तर?"

"ऐकेन की."

सर चहाच्या ग्लासात बघत राहिले. त्या मुलीचं रडणं त्यांच्या फार मनाला लागलं होतं. "दिला शब्द," ते म्हणाले.

सरांनी तो पाळला. विनोद बंद झाले. लग्नाकार्यात ते कोपऱ्यातली खुर्ची धरून बसू लागले. लोकांना वाटलं, सुधारले.

सर एकटे. लग्न केलं नव्हतं. रविवारचं जेवण मोठ्या डॉक्टरांकडे, हा कित्येक वर्षांचा रिवाज. कधी कधी मलाही बोलावणं असे. मोठ्या डॉक्टरांच्या पत्नीला सर 'वहिनी' म्हणत, त्यामुळे मीही वहिनीच म्हणू लागले. ठेंगणी, गोरी बाई. हाताला चव अशी, की साधी कुळथाची पिठीसुद्धा पुन्हा मागून घ्यावी. सर जेवायला यायचे म्हणून त्या रविवारी आंबट जरा कमी घालत, कारण सरांना आंबट सोसत नसे. सरांनी हे कधी सांगितलं नव्हतं, त्यांनी ओळखलं होतं.

वहिनींना साखर होती. उपचार अर्थातच मोठ्या डॉक्टरांचे. गोळ्या झाल्या, मग इन्शुलिन आलं, मग ते वाढत गेलं. वहिनींचं पथ्य कडक होतं, घरात गोड शिजलं तरी बोट लावत नसत. तरी साखर हटत नव्हती.

जेवण झालं की दोघं मित्र पडवीत बसत. मी तिथेच खालच्या पायरीवर. वहिनी आत आवराआवर करत.

"वहिनींची साखर काय म्हणते?"

"चढीच आहे. डोस वाढवलाय."

"मला एकदा तोंड बघू दे त्यांचं."

"तिची साखर मी बघतोय ना?"

"साखर बघ तू. मी हिरड्या बघतो."

"पुन्हा तेच तुझं!"

आणि विषय आंब्यांच्या मोहोरावर नाहीतर नगरपालिकेवर जाई. हे संभाषण शब्दांत थोडा फरक करून मी किती रविवार ऐकलं असेन. सरांना सगळं दिसत होतं. वहिनी हसताना पदर आड करतात. भाकरी सोडून मऊ भात खातात. पूर्वी जेवणानंतर सुपारी घेत, ती बंद झाली. बोलताना समोरच्यापासून हातभर लांब राहतात. परतताना सर हे एकेक मला सांगत आणि चडफडत.

एकदा मी म्हटलं, "सर, तुम्ही वहिनींनाच का विचारत नाही?"

ते थबकले. "त्याला शब्द दिलाय. त्याच्या पेशंटबद्दल त्यालाच सांगायचं."

"पण त्या काय नुसत्या पेशंट आहेत?"

"म्हणूनच नाही. मित्राची बायको. त्याला डावलून तिला परस्पर सांगायचं म्हणजे त्याच्या घरात जेवून त्याचाच अपमान." मग थोडं चालल्यावर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "त्यानं आपणहून आणायला हवं तिला. एकदा तरी म्हणायला हवं, बघ बाबा."

असं म्हणण्यात वर्षं गेली.

शेवटी मोठ्या डॉक्टरांनी वहिनींना आणलं ते एका सकाळी, दवाखाना उघडायच्या आधी. वहिनींचा गाल डोळ्यापर्यंत सुजला होता. अंगात ताप. मोठे डॉक्टर दारातच उभे राहिले. म्हणाले, "बघ बाबा."

जे शब्द ऐकायला सर इतकी वर्षं थांबले होते, तेच हे. पण सरांना ते ऐकू तरी आले की नाही कोण जाणे. त्यांनी वहिनींना खुर्चीत बसवलं, दिवा ओढला आणि म्हणाले, "आ करा." मग कितीतरी वेळ नुसते बघत राहिले. हिरड्या दाबल्या तिथून पू येत होता. मागच्या दाढा बोटानं हलत होत्या. इतक्या तोंडांना सर आजवर निर्विकारपणे हात घालत आले होते. त्यांनी हातातलं हत्यार माझ्याकडे दिलं. "तू कर. मी सांगतो."

त्या दिवशी गळू फोडून पू काढला. पुढे मोठ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं, साखरेवर लक्ष ठेवत, न वाचणारे दात काढले आणि उरलेल्या दातांच्या मुळांपर्यंत थोड्याथोड्यानं सफाई केली. वहिनी दर आठवड्याला येत. कधी हूं की चूं केलं नाही. आणि साखर उतरायला लागली. आधी थोडी, मग चांगलीच. मोठ्या डॉक्टरांनी इन्शुलिन कमी केलं, पुन्हा कमी केलं. ते येऊन सरांना आकडे सांगत. सर नुसती मान हलवत. दोघांपैकी कुणीही "मी म्हणत होतो" किंवा "माझं चुकलं" असं म्हटलं नाही.

शेवटच्या खेपेला मोठे डॉक्टर वहिनींना सोडून आपल्या दवाखान्यात गेले होते. काम संपलं. सर खूप दिवसांनी खुशीत होते. त्यांनी हातआरसा वहिनींच्या समोर धरला. "बघा वहिनी, हिरड्या कशा लहान मुलीसारख्या झाल्यात."

वहिनींनी आरसा हातात घेतला. थोडा वेळ धरला आणि खाली ठेवला. "मला दिसत नाही भावोजी," त्या म्हणाल्या. "एक डोळा मागेच गेलाय. दुसऱ्यानं आता सगळं धुक्यासारखं दिसतं."

सरांनी स्टूल जवळ ओढलं. "कधीपासून? तो काही बोलला नाही."

"त्यांना तरी कुठे सांगितलं? साखर हटत नव्हती म्हणून आधीच खचले होते ते. गेल्या आठवड्यात सांगितलं. आता मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेणार आहेत."

"पण वहिनी, हिरड्यांचं हे इतकं होईपर्यंत... निदान मला सांगायचंत."

"कसं सांगायचं? तोंडाला वास येतो हे आपल्याच तोंडानं कसं सांगायचं?" वहिनी नेहमीच्याच मऊ आवाजात बोलत होत्या. "आणि तुम्हाला तर माहीत होतं. दर रविवारी तुम्ही दोघं पडवीत माझ्या हिरड्यांवरून भांडत होतात. मी आत भांडी विसळत असायची. सगळं ऐकू यायचं. वाटायचं, दोघांतलं कुणीतरी उठून आत येईल आणि मला विचारेल. विचारलं असतं तर मी आले असते हो."

मी हत्यारं उकळायला ठेवायच्या निमित्तानं मागच्या खोलीत गेले.

मिरजेच्या डॉक्टरांनी उशीर झाल्याचं सांगितलं. पावसाळा संपेपर्यंत वहिनींचा दुसरा डोळाही गेला. हिरड्या आधी नीट झाल्या असत्या तर डोळे वाचले असते, असं मी आजही छातीठोकपणे म्हणणार नाही. डोळ्यांचं नुकसान साखरेनं कधी सुरू केलं ते कुणाला ठाऊक! पण साखर काही वर्षं आधी उतरली असती, एवढं तरी नक्की. सरांनी मात्र स्वतःला तेवढीही सूट दिली नाही.

"माझं सगळं लक्ष त्याला हरवण्यात होतं," ते एकदा मला म्हणाले. "जिचं तोंड, तिला मी माणूस म्हणून धरलंच नाही. मांडवात अनोळखी माणसांना सांगत सुटलो, आणि जिच्या हातचं जेवलो तिला..."

काही महिन्यांनी हातखंब्याकडचा एक शेतकरी आला. म्हणाला, "मोठ्या डॉक्टरांनी धाडलान. म्हणलान, साखर उतरत नाय, आधी हिरड्या दाखवून ये." सरांनी त्याला पुन्हा विचारलं, "कुणी धाडलं?" त्यानं पुन्हा सांगितलं. मला वाटलं सर आता हसतील, निदान मला काही म्हणतील. ते उठले, हात धुतले आणि मला म्हणाले, "तू बघ ह्याला." त्यानंतर मोठ्या डॉक्टरांकडून पेशंट येतच राहिले. हळूहळू बाकीचे डॉक्टरही पाठवू लागले. त्यातला एक तर तोच, मूळव्याधीचा विनोद करणारा. सरांचं म्हणणं गावानं मानलं होतं, आणि सरांना त्याचा काडीचाही आनंद नव्हता.

भाट्याचं फिरणं बंद झालं. भांडण झालं नाही. दोघांनी एकमेकांकडे जाणंच सोडलं. रविवारी सर दवाखान्यातच डबा मागवून खाऊ लागले. मी वहिनींच्या हिरड्या तपासायला त्यांच्या घरी जात असे. दर वेळी त्या विचारत, "भावोजी बरे आहेत ना? त्यांना सांग, रविवारी या म्हणावं." मी निरोप सांगे. सर म्हणत, "हो, जाईन की." आणि जात नसत. एकदा मी जरा जोर केला, तेव्हा म्हणाले, "कुठल्या तोंडानं जाऊ?"

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी दवाखाना मला सोपवला आणि लांज्याजवळच्या आपल्या गावी पुतण्याकडे राहायला गेले. तिथे त्यांनी दवाखाना घातला नाही. पुतण्या सांगे, दिवसभर झाडांना पाणी घालतात, कुणाशी फारसं बोलत नाहीत. दीड-दोन वर्षांत हृदयविकारानं गेले.

फोन माझ्याकडे आला. मी मोठ्या डॉक्टरांना कळवलं. ते म्हणाले, "घरी तू सांगशील का? मला नाही जमायचं."

मी गेले तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात पाटावर बसून चाचपत चाचपत मेथी निवडत होत्या. मी सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत. मेथीची एकेक काडी त्या हातानं ओळखून पानं खुडत राहिल्या.

"शेवटी आले नाहीत ते," वहिनी म्हणाल्या.

"त्यांना फार लागलं होतं, वहिनी. तुमच्यासमोर यायचं धैर्य होत नव्हतं."

"माहीत आहे. ह्यांनाही होत नाही. एका घरात राहून माझ्याकडे बघत नाहीत. मला दिसत नसलं तरी कळतं." त्यांनी निवडलेली पानं बाजूला सारली. "बाय, आधी मला विचारलं नाही म्हणून दोघांना अपराधी वाटलं. आणि अपराधी वाटलं म्हणून पुन्हा मला विचारलं नाही. मला रागच येईल असं दोघांनी आपापसांत ठरवूनही टाकलं."

त्यांनी हात लांब करून माझा हात शोधला.

"आला असता राग," त्या म्हणाल्या. "ते आले असते तर मीच बोलले असते चार शब्द. मग जेवायला पानं घेतली असती."